घोडीला घेऊन साडेचारशे किलोमीटर: ट्रेनिंगच्या आधीचं ट्रेनिंग

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

इअरफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण सुरुवातीलाच आमची रेवा बोलणार आहे.

(घोडीच्या खिंकाळण्याचा आवाज)

ऐकलंत? चाकणच्या बाजूला एका फार्मवर ट्रकमधून उतरल्या उतरल्या तिने दिलेला हा आवाज आहे. दुसऱ्या खेपेचा. पहिल्या खेपेला ती उतरली तेव्हा काहीच बोलली नव्हती, आणि मला वाटलं होतं, वा, किती शांत घोडी आहे माझी!

विषय असा आला. जळगावच्या एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली: "दादा, आमच्याकडे घोडी आहे. पुण्याकडे दोन दिवसांचं ग्रुप ट्रेनिंग आहे, आपापला घोडा घेऊन जायचंय. ट्रक कुठला बघू?" मित्रा, ट्रकचं सांगतो. पण घोडं पेंड खातं ते ट्रकपाशी नाही, वेगळ्याच ठिकाणी. मलाही हे आधी कुणी सांगायला हवं होतं. खरं तर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

आधी थोडक्यात, असं ट्रेनिंग म्हणजे काय. हे रेसचं किंवा लग्नात घोडी नाचवायचं शिक्षण नाही. सात-आठ जण आपापले घोडे घेऊन शनिवार-रविवारी जमतात. अर्धा वेळ तर खोगीर चढतच नाही. हातात बागडोर घेऊन घोड्यासोबत जमिनीवरच काम चालतं: एक पाऊल मागे घे, मागचे पाय बाजूला सरकव, माझ्यासोबत चाल, मी थांबलो की थांब. आपण हलका दाब द्यायचा आणि घोड्याने बरोबर दिशेने जरासा जरी प्रयत्न केला की त्याच क्षणी दाब सोडायचा. घोडा शिकतो तो दाबाने नाही, दाब सुटण्याने. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर रेवा. मारवाडी रक्ताची, कानांची टोकं आत वळलेली, रंग बदामी. सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेली. तापीकाठी दत्तजयंतीला भरणारा घोड्यांचा तो बाजार खान्देशात कुणाला सांगायला नको. आमचं घर शहाद्याला, बाजारापासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे रेवा आयुष्यात ट्रकमध्ये चढली होती ती बहुधा बाजारात येताना. कशी चढवली असेल, ते मला माहीत नाही. तिला माहीत होतं.

शहादा, धुळे, मालेगाव, नाशिक, संगमनेर, चाकण. साधारण साडेचारशे किलोमीटर. शनिवारी सकाळी ट्रेनिंग सुरू, म्हणून मी हिशोब केला, शुक्रवारी संध्याकाळी निघू, रात्रभर चालू, पहाटे पोचू. रात्री गारवा असतो, रस्ता मोकळा असतो. हिशोब माझ्या सोयीचा होता.

मागचा फाळका शेताच्या बांधाला लावला, चौघांनी मिळून तिला ढकलत, ओढत चढवलं. वीस मिनिटं लागली. आमच्याकडचे वयस्कर बाबा, ज्यांनी उभं आयुष्य घोड्यांत काढलं, ते बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "घोडी शे ती, पोतं नही." मी हसलो. मग मी अजून एक काम केलं. ती आत डोकं हलवून कुठे आपटून घेईल, या भीतीने दोर आखूड बांधला. डोकं वर, समोरच्या दांड्याला. अगदी घट्ट.

अकरा तास.

आता जरा थांबून घोड्याचं शरीर समजून घेऊ, कारण गडबड इथेच झाली. घोडा मोकळा असेल तर दिवसातला बराचसा वेळ मान खाली घालून चरतो. त्याची श्वासनलिका लांब आहे. आत जाणारी धूळ आणि जंतू चिकट स्रावात अडकतात आणि हळूहळू वर येतात. मान खाली असली की हा सगळा कचरा उताराने नाकावाटे बाहेर पडतो. मान तासन् तास वर बांधून ठेवली की तो बाहेर पडत नाही, आत साचतो. त्यात ट्रकमधल्या वाळक्या चाऱ्याची धूळ, मुताची उग्र वाफ आणि प्रवासाच्या ताणाने कमी झालेली ताकद. फुफ्फुसात जंतू वाढायला आणखी काय हवं? याला शिपिंग फीवर म्हणतात. उतरल्यावर लगेच दिसेलच असं नाही. एक-दोन दिवसांनीही दिसतो, म्हणून तर फसायला होतं.

दुसरं म्हणजे उभं राहणं. आपल्याला वाटतं, घोडा उभ्याने झोपतो, मग ट्रकमध्ये उभं राहायला त्याला कसला त्रास? मी नंतर एकदा रिकाम्या ट्रकच्या मागे, काहीही न धरता, अर्धा तास उभा राहिलो. चांदवडजवळच्या राहूड घाटात. करून बघा. (नको, करू नका. मला घरच्यांनी खूप झापलं.) प्रत्येक ब्रेकला पोटऱ्या आवळतात, प्रत्येक वळणाला कंबर. ड्रायव्हर भाऊ चांगला होता, तरी खाली उतरलो तेव्हा पाय थरथरत होते. घोड्याला हेच करायचं असतं, सोबत चारशे किलो वजन घेऊन, पुढचं वळण दिसत नसताना. म्हणजे अकरा तासांचा प्रवास हा अकरा तासांचा व्यायाम. मी ट्रेनिंगला ताजी घोडी नाही, दमलेली घोडी घेऊन गेलो होतो.

तिसरं, पाणी. मोठा घोडा दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी सहज पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आम्ही वाटेत दोन ठिकाणी धाब्यावरच्या पाण्याची बादली समोर धरली. तिने हुंगलं आणि तोंड फिरवलं. अनोळखी वासाचं पाणी पुष्कळ घोडे पीत नाहीत. मी म्हटलं, तहान नसेल. पाणी कमी पडलं की आतड्यातली लीद सुकते, अडते आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटातली गडबड वरून बाहेर पडायचा रस्ताच नाही. रेवाला शूळ उठला नाही, हे नशीब.

शनिवारी सकाळी आम्ही रिंगणात उतरलो. आठ घोडे. रेवा सांगेल ते करत होती, पण सगळं एक क्षण उशिरा. ट्रेनर ताईंनी दुपारी विचारलं, "ही नेहमी इतकी गप्प असते का?" मी अभिमानाने हो म्हणालो. संध्याकाळी तिने चारा सोडला आणि दोनदा खोकली. ताईंनी थर्मामीटर मागवला. घोड्याचं तापमान साधारण ९९ ते १०१ फॅरेनहाइट असतं. रेवाचं १०३.४ निघालं. डॉक्टर आले, छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "प्रवासात डोकं कुठे बांधलं होतं?"

मी हाताने दाखवलं. ते काही बोलले नाहीत.

अँटिबायोटिक्स, रोज दोनदा तापमान, संपूर्ण विश्रांती. रविवारी बाकीचे सात जण रिंगणात आणि मी पागेत बादली घेऊन बसलो होतो. रेवा वाचली, पूर्ण बरी झाली, हे आत्ताच सांगून टाकतो. नाहीतर कमेंटमध्ये सगळे तेच विचाराल. पण तिला दोन आठवडे तिथेच ठेवावं लागलं. आणि परत आणायला गेलो तेव्हा ती ट्रकपासून वीस फुटांवर थांबली. पाय रोवले. कान मागे. मला बघून नाही, ट्रकला बघून.

या वेळी कुणी ढकललं नाही. ताई म्हणाल्या, घाई असेल तर आज जा, घोडी नंतर ने. मी चार दिवस राहिलो. रोज दुपारी पंधरा-वीस मिनिटं. बागडोर हातात, दाब अगदी हलका. ती ट्रककडे नुसती झुकली, वजन पुढच्या पायांवर आलं, की दोर सैल. एक पाय रॅम्पवर, दोर सैल, आणि लगेच स्वतःहून मागे घ्यायचं. हे मागे घेणं मला आधी वेडेपणा वाटायचं. पण घोड्याला बाहेर पडायची वाट माहीत असेल तरच तो आत यायला तयार होतो. शिवाय उजेडातून अंधारात गेल्यावर घोड्याचे डोळे सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ घेतात. आपण त्याला आडमुठा म्हणतो, तेव्हा त्या बिचाऱ्याला आत जमीन आहे की खड्डा हेच दिसत नसतं. ताईंनी ट्रकचं तोंड फिरवून ऊन आत येईल असं उभं करायला लावलं. अर्धा प्रश्न तिथेच सुटला. चौथ्या दिवशी तिने आत जाऊन तोबऱ्यातले हरभरे खाल्ले आणि बाहेर यायला नको म्हणाली.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण यात एक भयंकर गोष्ट दडलेली आहे. भारतात जनावरांच्या वाहतुकीचे नियम १९७८ पासून आहेत आणि त्यात घोड्यांसाठी वेगळा भाग आहे. प्रवासाला योग्य असल्याचं पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र हवं. एका गाडीत चार ते सहाच घोडे. दोन घोड्यांमध्ये बांबू. जमीन घसरणार नाही अशी. तोंड डावीकडे, म्हणजे शेजारून जाणारी वाहनं डोळ्यांवर येत नाहीत. आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत! हायवेवर ३५ म्हटल्यावर ड्रायव्हर भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. राहूड घाटातल्या त्या अर्ध्या तासानंतर मला हा आकडा हास्यास्पद वाटत नाही.

भयंकर गोष्ट म्हणजे ग्लँडर्स. हा घोड्यांचा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि घोडा पॉझिटिव्ह निघाला तर कायद्याप्रमाणे त्याला संपवावंच लागतं. हरियाणात हिसारला घोड्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथे रक्ताचे नमुने तपासले जातात. सात-आठ गावांचे घोडे एका हौदावर पाणी पिणार असतील तर तुमच्या घोड्याचा रिपोर्ट हा बाकीच्या सगळ्या घोड्यांचा आणि माणसांचा प्रश्न आहे. म्हणून रिपोर्ट आधी, आणि तरीही बादली, तोबरा, खरारा आपला आपला. कुणी म्हणालं, "अरे, आपल्याच बादलीतून पाज की," तर हसून नाही म्हणा. आणि लाथ मारणारा घोडा असेल तर शेपटीला लाल फीत बांधा. जगभर घोडेवाल्यांत ही खूण चालते, समोरचा आपोआप अंतर ठेवतो.

दुसरी खेप यंदाची. तीन आठवडे आधीपासून घरी रोज ट्रक. पाण्यात रोज थोडा गूळ, म्हणजे वाटेत कुठलंही पाणी असलं तरी चव घरचीच. ही युक्ती बाबांची, आणि या वेळी मी ऐकलं. खाली रबरी मॅट, वर उसाचं पाचट. चारा भिजवून, धूळ बसवून. दोर इतका लांब की मान छातीच्या खाली जाईल, पण पाय अडकणार नाही. दोराची गाठ एका झटक्यात सुटणारी.

गुरुवारी सकाळी निघालो. दर तीन तासांनी गाडी बाजूला, इंजिन बंद, अर्धा तास. पाणी, आणि मान खाली. सिन्नरजवळ ओळखीच्या शेतावर मुक्काम केला, तिला उतरवून फिरवलं. शुक्रवारी दुपारी चाकण. म्हणजे ट्रेनिंगच्या आधी तिला अख्खी दुपार आणि रात्र मिळाली. उतरल्यावर तिने पहिल्यांदा खिंकाळून सगळ्या फार्मला कळवलं की मी आलेय, मग धुळीत मनसोक्त लोळली, मग अर्धी बादली पाणी प्यायली. तापमान १००.२. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मोजलं, वहीत लिहिलं.

ट्रेनिंगमध्ये काय झालं? रेवाने मागचे पाय सरकवायला नकार दिला, माझ्या पायावर एकदा पाय दिला, आणि शेजारच्या काठियावाडी घोड्याशी भांडण काढलं. ताई म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे ही खरी रेवा!" तिचं ते सगळं सुधारतोय अजून.

तर जळगावच्या मित्रा, ट्रक असा बघ: फाळका रुंद, वर हवा खेळती, आत उजेड, पत्रा उघडा नाही. आणि भाडं ठरवताना ड्रायव्हर भाऊला एवढंच विचार की वाटेत किती वेळा थांबशील. तो 'कशाला थांबायचं?' म्हणाला, तर दुसरा ट्रक बघ.

पुढच्या भागात नाल मारणाऱ्या एका काकांशी गप्पा आहेत, रेकॉर्डिंगमध्ये हातोड्याचा आवाज जरा जास्त आलाय, सांभाळून घ्या. तुमच्याकडे घोडा, बैल, काहीही प्रवासाला नेल्याचा किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा. एका मिनिटाच्या आत बरं का. भेटूया.