लोकांना काम नको झालंय, की मिळेल त्या भावात नको झालंय?

हिंगोली : सोयाबीन काढणीला आलं की जिल्ह्यातल्या गावोगावच्या पारावर एकच बोलणं असतं. "लोकांना आता कामच नको झालंय. रेशन फुकट, लाडक्या बहिणीचे पैसे खात्यात. रानात कोण येणार?" हे कितपत खरं, जरा हिशेब मांडून बघू.

लाडक्या बहिणीचे महिन्याला 1500 रुपये, म्हणजे दिवसाला 50. रेशनवर माणशी 5 किलो धान्य. पोटाला आधार होतो, पण लेकरांची फी, दवाखाना, किराणा यात निघत नाही. फरक एवढाच पडला की घरात दाणे असलेला मजूर आधी भाव विचारतो. भाव विचारणं म्हणजे आळस नव्हे.

रोजानं बोलावलं तर जी माणसं येत नाहीत, तीच गुत्त्यानं सोयाबीन घेतलं की दिवस उगवायच्या आत रानात हजर असतात. जेवढं काम तेवढा पैसा, वर कुणाचं बोलणं ऐकायचं नाही. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. ज्याला कामच नको, तो थंडीत पहाटे कोयता कशाला हातात घेईल?

नको झालंय ते बांधून घेणं. पाडव्याला सालगडी ठरायचा, वर्षभर रात्रंदिवस मालकाच्या हाकेला. बापानं साल घातलं, पण पोराला ते नको आहे. त्यात चूक काय?

शेतकऱ्याचीही अडचण खरीच आहे. 2025-26 ला सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये जाहीर झाला, बाजारात त्याच्या खाली विकावं लागलं. मालालाच भाव नाही तर मजुरी वाढवायची कशातून? मजूर आणि शेतकरी एकमेकांना बोल लावतात, पण दोघांचं दुखणं एकच आहे.

काम मागायचा हक्क आपल्या राज्याला नवा नाही. 1972 च्या दुष्काळात लाखो लोकांनी खडी फोडली. त्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर पसरली, 1977 ला कायदा झाला. 2006 ला केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या 200 जिल्ह्यांत हिंगोली होता. 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये. या कायद्यात मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम, नाहीतर बेरोजगार भत्ता, असा नियम होता. पण नुसतं तोंडी मागून उपयोग नव्हता. नमुना 4 भरायचा आणि तारखेची पोच घ्यायची. पोच नसली तर कागदोपत्री तुम्ही काम मागितलंच नाही, असं व्हायचं.

मग वरचे लोक म्हणायला मोकळे, की गावात कुणाला कामच नको.