रात्री कुलूप, पहाटे पुन्हा काउंटर

रात्री अकराला कॅफे बंद करायचा, फरशी पुसायची, गल्ला मोजून कुलूप लावायचे आणि पहाटे पाचला तेच कुलूप उघडायला हजर व्हायचे. अमेरिकेतील रेस्टॉरंट साखळ्यांमध्ये या पाळीला ‘क्लोपनिंग’ म्हणतात. ‘क्लोजिंग’ आणि ‘ओपनिंग’ यांची ही जोडी. मधल्या सहा तासांतून जाणे-येणे, जेवण, आंघोळ वजा केली की झोपेला चार तासही उरत नाहीत. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी असते.

१९८१ ते १९९६ या काळात जन्मलेली मिलेनियल पिढी ‘कामाला कंटाळते’, अशी तक्रार अनेक मालक करतात. या पिढीची तक्रार वेगळी आहे. भिंतीवर ‘आपण सारे एक कुटुंब’ असे लिहिले आहे. पण पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी काम आहे, हे दोन दिवस आधीही कळत नाही.

ऑगस्ट २०१४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने स्टारबक्समधील संगणकाने आखलेल्या पाळ्यांवर वृत्तांत छापला. लगेच कंपनीने क्लोपनिंग थांबवण्याची घोषणा केली.

या तक्रारीला शरीरशास्त्राचा आधार आहे. आपले जैविक घड्याळ उजेड आणि ठरलेल्या वेळा यांवर चालते. रात्री उशिरापर्यंत झगझगीत दिव्यांखाली उभे राहिल्यास झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा स्रवते. त्यात पाळी रोज बदलली, तर अंथरुणावर पडूनही डोळा लागत नाही. दुसरा त्रास अनिश्चिततेचा. मुलांना कोण सांभाळणार, डॉक्टरांची वेळ कधी घ्यायची, महिनाअखेर हातात किती पडणार, काहीच ठरवता येत नाही. हा ताण झोपही खातो.

सिएटल शहराने १ जुलै २०१७ पासून मोठ्या साखळ्यांना १४ दिवस आधी वेळापत्रक देणे बंधनकारक केले. दोन पाळ्यांमध्ये १० तासांहून कमी अंतर असेल, तर त्या तासांना दीडपट मजुरी ठरवली. संशोधकांनी तेथील कर्मचाऱ्यांची इतर शहरांतील कर्मचाऱ्यांशी तुलना केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सिएटलच्या कर्मचाऱ्यांची झोप सुधारल्याचे आणि ते अधिक समाधानी असल्याचे दिसले. युरोपीय संघाच्या नियमांत तर रोज सलग ११ तास विश्रांतीची तरतूद आहे.

आपल्याकडेही कॅफे आणि पिझ्झाच्या दुकानांत हजारो तरुण काम करतात. अशी पाळी टळत नसेल, तर पाळीच्या उत्तरार्धात कॉफी टाळा, दुपारी वीसेक मिनिटे डुलकी घ्या आणि पेंगत असताना दुचाकी चालवू नका. झोपेची तक्रार आठवडेच्या आठवडे टिकली, तर डॉक्टरांना दाखवा. आणि नोकरीच्या मुलाखतीत पगाराबरोबर आणखी एक प्रश्न जरूर विचारा: वेळापत्रक किती दिवस आधी मिळेल? तिथली कार्यसंस्कृती कशी आहे, ते या उत्तरावरून बरेचसे कळेल.