आज्ञावलीच्या दारातला तपासनीस

समजा, वर्गाच्या गुणांची सरासरी काढणारी एक आज्ञावली आपण लिहिली आणि तिला 'सरासरी' हे नाव दिले. चित्रे, बटणे काही नाहीत. संगणकाच्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की उत्तर मिळते:

सरासरी गुणपत्रक --विषय गणित --इयत्ता १०

आपल्याला या ओळीचा अर्थ सहज कळतो. आज्ञावलीच्या हाती मात्र नुसती शब्दांची रांग येते. त्यातला फाइलचे नाव कोणता, विषय कोणता? कोणी इयत्ता आधी लिहील, कोणी विषय गाळील, कोणी '१०'ऐवजी 'दहा' लिहील. हे सारे आपणच तपासायचे म्हटले, तर सरासरीच्या गणितापेक्षा तपासण्याच लांबतात. त्यातली एखादी राहून गेली, तर भलत्याच विषयाची सरासरी बिनतक्रार छापली जाते.

हे काम जवळपास प्रत्येक आज्ञावलीत सारखेच असते. म्हणून ते एकदा नीट लिहून सर्वांसाठी ठेवतात. अशा तयार भागांच्या संचाला 'लायब्ररी' म्हणतात. पायथन भाषेत या कामासाठी 'आर्गपार्स' आहे. २०१० सालच्या २.७ या आवृत्तीपासून ती भाषेबरोबरच मिळते.

कसे तपासायचे, हे आर्गपार्सला सांगावे लागत नाही. काय हवे, एवढेच सांगायचे. फाइलचे नाव हवे, विषय हवाच, इयत्ता पूर्णांक हवी. मग पर्यायांचा क्रम बदलला तरी बिघडत नाही. 'दहा' लिहिले, तर गणित सुरू होण्यापूर्वीच चूक दाखवून काम थांबते. '१०' मात्र चालते, कारण पायथनला देवनागरी अंक समजतात! शिवाय 'हेल्प' हा पर्याय इंग्रजी अक्षरांत दिला, की सर्व पर्यायांची यादी पडद्यावर येते. ती वेगळी लिहावी लागत नाही. वाचन, तपासणी आणि मदत ही तिन्ही एकाच वर्णनातून निघतात. म्हणूनच नवा पर्याय जोडला, की तो यादीतही आपोआप दिसतो.

पण या तपासनिसाला आपण सांगू तेवढेच कळते. इयत्ता '४५' लिहिली तरी तो ती सोडून देईल. तोही पूर्णांकच ना! चालणाऱ्या इयत्तांची यादी आपणच द्यायला हवी. तेव्हा विद्यार्थ्यांना आज्ञावली लिहायला बसवण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा: वापरणारा काय काय चुकीचे लिहू शकेल?