आधी स्क्रीन, मग कार्ड, मग बाकीचं

‘आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट. गेमिंग पीसी, एकदम स्वस्तात!’ अशा जाहिराती मोबाइलवर सतत येतात. बारावीची परीक्षा देऊन मोकळ्या झालेल्या मुलांना त्यातला शब्दन् शब्द खरा वाटतो. शब्द खरे असतातही, पण जे सांगायला हवं ते नेमकं गाळलेलं असतं.

आय-सेव्हन कोणत्या पिढीचा, हा पहिला प्रश्न. इंटेलचा आय-सेव्हन-२६०० जानेवारी २०११ मध्ये आला. त्यात चार कोअर आणि आठ थ्रेड. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आय-थ्री-१२१०० मध्येही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत. मात्र मधल्या ११ वर्षांत एकेका कोअरची ताकद इतकी वाढली, की नावाने लहान असलेला हा आय-थ्री त्या आय-सेव्हनला गेममध्ये सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे असा पीसी घरी येतो तेव्हाच त्याची मुदत संपलेली असते.

‘४ जीबी कार्ड’ हे तर आणखी फसवं. या जाहिरातींतलं कार्ड बऱ्याचदा जीटी ७३० असतं, २०१४ चं. त्यावर ४ जीबी मेमरी असते हे खरं, पण ती किती वेगाने वाचता येते हे कुणी सांगत नाही. त्याच्या ६४-बिट डीडीआर३ आवृत्तीत सेकंदाला सुमारे १४ जीबी डेटा वाहतो. आरएक्स ६६०० हे आज किफायती गटात मोडणारं कार्ड आहे; त्यात हाच आकडा २२४ जीबी आहे. ४ जीबी हा साठ्याचा आकडा झाला, गेम खेळताना कामाला येतो तो वेग.

बजेट कमी असेल तेव्हा ही माहिती जास्त गरजेची ठरते. दोन लाखांचा पीसी घेणाऱ्याची एखादी निवड चुकली तरी गेम चालतो. साठ-सत्तर हजारांत तसं होत नाही, आणि अनेक घरांत ही रक्कम दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढी असते. म्हणून या लेखात माझं म्हणणं एकच आहे: खरेदीची सुरुवात प्रोसेसरच्या नावापासून करू नका. कोणते गेम खेळायचे आणि ते कोणत्या स्क्रीनवर खेळायचे, हे आधी ठरवा. बाकी सगळे भाग त्यावरून ठरतात.

गेममधलं एकेक चित्र, म्हणजे फ्रेम, तयार होताना काय घडतं ते पाहू. आधी प्रोसेसर हिशेब करतो: कोणता खेळाडू कुठे आहे, गोळी कुणाला लागली, कॅमेरा कुठे वळला. मग तो ग्राफिक्स कार्डाला सांगतो की आता हे चित्र काढ. कार्ड त्यातला प्रत्येक ठिपका रंगवतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर जेमतेम ६.९. बैलजोडीतला सावकाश बैल जसा गाडीचा वेग ठरवतो, तसं या दोघांत जो मागे पडतो तो तुमचा एफपीएस, म्हणजे सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम, ठरवतो.

आता स्क्रीनचा हिशेब. फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८० म्हणजे साधारण २०.७ लाख ठिपके असतात. १४४०पी स्क्रीनवर ते ३६.९ लाख होतात आणि फोर-के स्क्रीनवर ८२.९ लाख. म्हणजे फोर-के मॉनिटर घेतला की कार्डावर चौपट ठिपके रंगवायचा भार पडतो, आणि या बजेटमधलं कोणतंही कार्ड नव्या गेममध्ये तो पेलू शकत नाही. २४ इंची, फुल एचडी, १४४ हर्ट्झ किंवा त्याच्या वरचा आयपीएस मॉनिटर ही इथली योग्य निवड. मॉनिटर दोन कार्डांच्या आयुष्याला पुरतो, त्यामुळे घरातला जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर चालवून घेण्याचा मोह टाळलेला बरा. सध्या तोच वापरणं भाग असेल, तर महागड्या कार्डावर आत्ता पैसे घालू नका. १४० फ्रेम तयार झाल्या तरी तो मॉनिटर त्यातल्या ६०च दाखवणार.

भाव आठवड्यागणिक बदलतात, म्हणून रुपयांऐवजी प्रमाण सांगते. मॉनिटर वगळून उरलेल्या पैशांतला ३५ ते ४० टक्के भाग ग्राफिक्स कार्डावर जायला हवा. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून कार्डापेक्षा महाग दिसले, तर ते कोटेशन गेमिंगसाठी केलेलं नाही असं समजा.

कोणतं कार्ड, हे गेमवर अवलंबून आहे. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५ एवढंच खेळायचं असेल तर आरएक्स ६६०० भरपूर झालं. ते १३२ वॅट वीज घेतं आणि एएमडी त्यासाठी ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा भाग, पुरेसा मानते. सायबरपंक २०७७ किंवा ब्लॅक मिथ: वूकाँगसारखे भव्य गेम खेळायचे असतील तर आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६० किंवा आरएक्स ७६०० पाहा. या तिन्हींवर ८ जीबी मेमरी आहे, आणि ८ जीबी पुरे का हा वाद सध्या जोरात आहे. कार्डाची मेमरी भरली की उरलेलं टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं, पीसीच्या साध्या रॅममध्ये जातं. तिथून ते आणायला वेळ लागतो आणि चित्र मध्येच अडखळतं. सरासरी एफपीएसच्या आकड्यात हे अडखळणं नीट दिसत नाही, खेळताना मात्र लगेच जाणवतं. मार्च २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ पीसीवर आला तेव्हा ८ जीबीच्या कार्डांना हा त्रास ठळकपणे झाला. टेक्श्चरचं सेटिंग एक पायरी खाली आणायची तयारी असेल तर आज फुल एचडीला ८ जीबी चालते. कथाप्रधान नवे गेम पुढची चार वर्षं खेळायचे असतील तर मी १२ जीबी किंवा त्याहून जास्त मेमरीचं कार्ड घेण्याच्या बाजूची आहे.

१२ जीबीमध्ये इंटेलचं आर्क बी५८० आहे, डिसेंबर २०२४ चं. पैशांच्या मानाने ते दमदार आहे, पण त्याला एक अट आहे: मदरबोर्डच्या बायोसमध्ये रिसायझेबल बार ही सोय हवी, आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा हवा. एएमडीच्या जुन्या रायझन प्रोसेसरसोबत काही गेममध्ये या कार्डाचा वेग बराच घसरतो, हे २०२५ च्या सुरुवातीच्या चाचण्यांत दिसलं. जुना पीसी ठेवून फक्त कार्ड बदलायचं असेल तर हे कार्ड घेऊ नये.

नावांतले सापळेही ओळखायला हवेत. आरटीएक्स ३०५० याच नावाने ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन कार्डं विकली जातात. ६ जीबीच्या कार्डात मेमरी कमी आहेच, शिवाय चिपमधले कोअरही २५६० ऐवजी २३०४ आहेत. त्याचा एक खरा उपयोग मात्र आहे: ते ७० वॅटमध्ये भागतं आणि त्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही, त्यामुळे ऑफिसच्या जुन्या पीसीत लागू शकतं. जानेवारी २०२२ चं आरएक्स ६५०० एक्सटी हा दुसरा सापळा. त्यावर मेमरी ४ जीबी, आणि मदरबोर्डशी बोलायला फक्त चार लेन. जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० बोर्डावर ते आणखी मंद होतं, आणि स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडे बहुधा तसाच बोर्ड असतो. मी ते कुणालाही सुचवणार नाही.

जुनं कार्ड घ्यायचं का? सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर बाजारात वापरलेल्या कार्डांचा पूर आला, त्यातली काही अजून फिरत आहेत. आरएक्स ५८० म्हणून विकलेल्या काही कार्डांत २३०४ ऐवजी २०४८ कोअर निघतात. खरं तर ती ५७० च्या ताकदीची चिप असते. जीपीयू-झेड या मोफत प्रोग्राममध्ये हा आकडा लगेच दिसतो. माझा मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे. डिसेंबर २०२४ चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ चा ‘डूम: द डार्क एजेस’ हे गेम रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करणारं, हार्डवेअर नसलेल्या कार्डावर खेळायला बनवलेलेच नाहीत. आरएक्स ५८० आणि जीटीएक्स १६६० सुपर दोन्ही त्यात बाद होतात. वापरलेलं घ्यायचंच तर आरटीएक्स किंवा आरएक्स ६००० मालिकेपासून पुढचं घ्या.

अभियांत्रिकी, ॲनिमेशन किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठीही हाच पीसी वापरायचा असेल तर एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांकडे झुकावं लागतं. मशीन लर्निंगचं बरंचसं काम आणि ब्लेंडरसारखी सॉफ्टवेअर्स एनव्हिडियाच्या कुडा तंत्रावर उत्तम चालतात. पीसीचं कारण घरी सांगताना मुलं अभ्यासाचं नाव घेतात. तो अभ्यास नेमका कोणता, हे आईवडिलांनी आणि मुलांनी बसून बोलावं, कारण त्यावर कार्ड ठरतं.

प्रोसेसरचं मला थोडक्यात सांगता येईल. रायझन ५ ५६०० किंवा इंटेल आय-फाइव्ह-१२४००एफ, दोन्ही सहा कोअरचे, दोन्ही वर सांगितलेल्या बहुतेक कार्डांना पुरतात. आय-थ्री-१२१००एफ त्याहून स्वस्त, आणि तो घेऊन कार्ड एक पायरी वरचं मिळत असेल तर तसंच करावं. नावातला ‘एफ’ म्हणजे प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स नाही. कार्ड नसेल तर स्क्रीनवर काही दिसणार नाही. उलट रायझन ५ ५६००जी मध्ये आत बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे. आज कार्डाला पैसे नसतील तर तो घेऊन व्हॅलोरंट आरामात खेळता येतो आणि वर्षभराने कार्ड लावता येतं. फक्त त्याची कॅश ५६०० च्या निम्मी, १६ एमबी आहे, म्हणून पुढे कार्ड लावल्यावर तो ५६०० इतका वेग देत नाही.

रायझन घेताना एएम४ की एएम५, म्हणजे मदरबोर्डावरचं कोणतं सॉकेट, हा प्रश्न दुकानात हमखास निघतो. एएम५ वर २०२२ पासूनचे नवे रायझन बसतात आणि पुढेही बसतील, पण तिथे डीडीआर५ रॅमच लागते. एएम४ वर नवं फारसं येणार नाही, तरी त्याचा इतिहास चांगला आहे: २०१७ मध्ये बी३५० बोर्ड घेणाऱ्याला पाच वर्षांनी बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर रायझन ७ ५८००एक्स३डी लावता आला. कमी पैशांत मी आजही एएम४ घेईन आणि वाचलेली रक्कम कार्डात घालीन.

रॅमच्या बाबतीत सध्याचा काळ ग्राहकाला वाईट आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली, की २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव कडाडले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशियल’ या नावाने ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसायच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे आता ३२ जीबीचा हट्ट सोडून १६ जीबीवर थांबणं शहाणपणाचं आहे. पण ती ८ आणि ८ अशा दोन काड्यांतच घ्या. एका काडीवर मेमरीचा एकच मार्ग चालतो, दोनवर दोन, आणि ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये या एका गोष्टीने गेमचा वेग ठळकपणे वाढतो. चार स्लॉटच्या बोर्डावर काड्या बहुतेकदा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. बोर्डाच्या पुस्तिकेत ते छापलेलं असतं.

आता एसएमपीएस. पैसे कमी पडले की पहिली कात्री यालाच लागते आणि मला त्याचं सर्वांत वाईट वाटतं, कारण पीसीतला हा एकच भाग असा आहे जो बिघडताना शेजारच्या महागड्या भागांनाही संपवू शकतो. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं. त्या आकड्याकडे पाहू नका. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते पाहा. प्रोसेसर आणि कार्ड या दोघांची जवळपास सगळी वीज तिथून येते. ३६ अँपिअर असतील तर १२ ने गुणून ४३२ वॅट होतात, म्हणजे ४५० चा दावा खरा. तिथे १६ अँपिअर असतील तर हाती आले १९२ वॅट. ८० प्लस ब्राँझचं चिन्ह असावं, पण ते विजेची बचत सांगतं. सुट्या भागांचा दर्जा किंवा संरक्षण सांगत नाही. नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीचा ५५० वॅटचा एसएमपीएस घेतला तर पुढचं कार्डही त्यावर चालेल.

गावाकडे, जिथे वीज सारखी ये-जा करते, तिथे यूपीएसचा विचार आधीच करा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. गेम चालू असताना वीज गेली आणि मॉनिटरही त्यावरच असला तर मोठ्या कार्डासोबत तो कमी पडू शकतो.

कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या. समोर बंद काच असलेलं कॅबिनेट दिसायला देखणं, पण हवा आत जायला वाट नाही. खोलीचं तापमान दहा अंशांनी चढलं की आतल्या चिपचंही जवळपास तेवढंच चढतं, आणि चंद्रपूर-नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. साठवणुकीला १ टीबी एनव्हीएमई एसएसडी घ्या, जेन ३ असली तरी चालेल. महागड्या जेन ४ ने गेम उघडण्याच्या वेळेत नजरेत भरेल असा फरक पडत नाही.

पीसी जोडून झाला की दुकानातच तीन गोष्टी तपासा. मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या पोर्टला न लावता कार्डाच्या पोर्टला लावली आहे ना? विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट १४४ केला आहे ना, कारण तो कित्येकदा आपोआप ६० वरच राहतो? आणि बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल चालू आहे ना? ते बंद असेल तर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वर चालत राहते आणि स्क्रीनवर त्याचा कुठेच इशारा येत नाही. मग अर्धा-पाऊण तास एखादा जड गेम चालवून तापमान पाहा, आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं जीएसटी बिल घेऊनच निघा. तीन वर्षांनी वॉरंटी मागायची वेळ आली तर सर्व्हिस सेंटरवर तेच दाखवावं लागतं.