ओळ नव्हे, रोप!

आळंदच्या शिवारात तुरीला अळी लागली आणि कुणी फक्त ‘तिसरी ओळ’ एवढंच सांगितलं, तर अख्खी ओळ धुंडाळावी लागते. कितवं रोप तेही कळलं, की थेट पोचता येतं. कण टिपणाऱ्या सिलिकॉनच्या पट्टी-शोधकात आणि पिक्सेल-शोधकात फरक हाच: पट्टी म्हणजे ओळ, पिक्सेल म्हणजे रोप. विद्युतभारित कण सिलिकॉनमधून जाताना इलेक्ट्रॉन मोकळे करतो. त्यातून उठणारा सूक्ष्म संकेत कुठल्या पट्टीतून किंवा पिक्सेलच्या घरातून आला, यावरून कणाची वाट आखतात. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेत सीएमएस प्रयोगाला २०१७ साली बसवलेल्या पिक्सेल-शोधकात अशी सुमारे १२ कोटी ४० लाख घरं आहेत, प्रत्येक १०० बाय १५० मायक्रोमीटरचं.

याच सीएमएससाठी भाभा अणुसंशोधन केंद्रानं विकसित केलेले पट्टी-शोधक आपल्याच राज्यात, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये घडले. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे जरूर सांगा.