घरट्यात घडणारी प्रतिकारशक्ती

नॉर्वेच्या किनाऱ्यावर, समुद्राकडे झुकलेल्या कड्यांवर आणि उंच वृक्षांवर पांढऱ्या शेपटीच्या समुद्रगरुडाची घरटी असतात. कोकण किनाऱ्यावर दिसणाऱ्या समुद्रगरुडाचा हा जवळचा आप्त होय. त्याचे नवजात पिल्लू जेमतेम शंभर ग्रॅमचे असते. दहा-अकरा आठवड्यांनी ते घरटे सोडते, तेव्हा त्याचे वजन चार-पाच किलोंपर्यंत पोहोचलेले असते. एवढ्या अल्प अवधीत हाडे, स्नायू आणि पिसे तर घडवावी लागतातच. शिवाय रोगजंतूंशी झुंजणारी यंत्रणाही उभारावी लागते. हा सारा खर्च एकाच उत्पन्नातून, म्हणजे आईबापांनी आणलेल्या घासातून, भागवायचा असतो. शिकारी पक्ष्यांची कितीतरी पिल्ले पहिल्याच वर्षी दगावतात. म्हणूनच ही यंत्रणा कशी घडते, या प्रश्नाला महत्त्व आहे.

प्रारंभीचे भांडवल मातेकडून मिळते. मादीच्या रक्तातील प्रतिपिंडे अंड्याच्या बलकात उतरतात आणि पिल्लाला पहिले काही दिवस संरक्षण देतात. ज्या रोगांशी मादीचा पूर्वी सामना झाला असेल, त्यांचीच प्रतिपिंडे ती देऊ शकते. पण ही ठेव लवकर संपते. पुढे पिल्लाला स्वतःची प्रतिपिंडे तयार करावी लागतात आणि त्यासाठी लागणाऱ्या पेशी ‘बर्सा’ नावाच्या छोट्या पिशवीसारख्या अवयवात परिपक्व होतात. हा अवयव केवळ पक्ष्यांतच असतो. इटालियन शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी त्याचे वर्णन केले होते व ते 1621 मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु त्याचे कार्य उमगण्यास 1956 साल उजाडावे लागले. ब्रूस ग्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांवर केलेले ते संशोधन एका नामांकित विज्ञान नियतकालिकाने नाकारल्यामुळे कुक्कुटपालनविषयक नियतकालिकात छापले गेले. माणसाच्या रक्तातील ‘बी’ पेशींच्या नावातील ‘बी’ हे अक्षर याच बर्साचे आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

मादी बहुधा दोन अंडी काही दिवसांच्या अंतराने घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवू लागते. परिणामी एक पिल्लू थोरले, दुसरे धाकटे ठरते. अन्न मुबलक असेल तर दोघेही सुखाने वाढतात. टंचाई आली की थोरले आधी जेवते. उपाशी पिल्लाच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि ते दीर्घकाळ वाढलेले राहिले तर प्रतिकारशक्ती मंदावते. पंखाच्या शिरेतून काढलेल्या थेंबभर रक्तातही याची चाहूल लागते. पांढऱ्या पेशींच्या प्रकारांचे परस्पर प्रमाण बदललेले असते. थंड पाऊस, रक्तपिपासू माश्या आणि त्यांच्यामार्फत येणारे रक्तातील परजीवी यांचाही भार असतोच.

मात्र सर्वांत चिंतेची बाब निराळीच आहे. ज्या बलकातून प्रतिपिंडे येतात, त्याच बलकातून मादीच्या शरीरात साठलेली रसायनेही येतात. ठेवीबरोबर कर्जही वारसाने मिळावे, तसा हा प्रकार. पूर्वी विजेच्या रोहित्रांतील तेलात वापरले जाणारे पीसीबी हे त्यांपैकी एक. 1990 च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांवर समुद्रपक्ष्यांच्या पिल्लांची तपासणी झाली, तेव्हा प्रदूषित भागांतील पिल्लांची प्रतिकारशक्ती क्षीण आढळली. आता न चिकटणारी भांडी, डाग न पडणारी वस्त्रे आणि आग विझवणारा फेस यांतील फ्लोरिनयुक्त रसायनांकडे लक्ष वळले आहे. ही रसायने चरबीत न साठता रक्तातील प्रथिनांना चिकटतात. त्यांपैकी पीएफओएस या रसायनावर 2009 मध्ये आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, तरी निसर्गात त्याचे विघटन जवळजवळ होतच नाही.

येथे एक पेच उभा राहतो. मासे खाऊन वाढलेल्या पिल्लापेक्षा समुद्रपक्ष्यांच्या मांसावर पोसलेल्या पिल्लाच्या वाट्याला सामान्यतः अधिक विष येते, कारण समुद्रपक्षी अन्नसाखळीत वरच्या पायरीवर असतात. म्हणजे भरल्या पोटाचे पिल्लू हेच अधिक विषग्रस्त असू शकते. अशा वेळी चांगल्या पोषणाचा लाभ किती आणि रसायनांचा तोटा किती, हे रक्ताच्या एका नमुन्यावरून सांगणे अवघड जाते. त्यातच पिल्लू झपाट्याने वाढत असल्याने रसायनांचे प्रमाण वाढत्या देहात विरळ होत जाते. तिसऱ्या आठवड्यातील आकडा आठव्या आठवड्यातील आकड्याशी सरळ ताडून पाहता येत नाही.

तरीही हा पक्षी सावरू शकतो, हे बाल्टिक समुद्राच्या काठी दिसून आले आहे. डीडीटी आणि पीसीबी यांच्यामुळे 1970 च्या सुमारास स्वीडनमधील बहुतांश जोड्यांची अंडी उबत नव्हती. 1971 मध्ये तेथे संरक्षण मोहीम सुरू झाली. हिवाळ्यात गरुडांना विषमुक्त मांस पुरवण्यात आले. रसायनांवरील बंदीनंतर 1980 च्या दशकापासून घरटी पुन्हा गजबजू लागली. पुढे 2016-17 च्या हिवाळ्यात बर्ड फ्लूने उत्तर जर्मनीत काही समुद्रगरुडांचा बळी घेतला. आजारी पाणपक्षी पकडायला सोपा, आणि शिकारी पक्ष्याला तोच भोवतो.

घरटे सोडल्यानंतरही पिल्लू काही आठवडे आईबापांच्याच शिकारीवर जगते. त्यानंतर पहिला हिवाळा त्याला एकट्याने काढावा लागतो. शेपटी पूर्ण पांढरी होऊन स्वतःचे घरटे बांधण्यास पाचएक वर्षे लागतात.