खिडकीच्या काचेची ताटली

हिंगोलीसारख्या गावातल्या काचेच्या दुकानात खिडक्यांची मापं कापून झाली की उरलेल्या पट्ट्या कोपऱ्यात साठत जातात. त्यांना सहसा गिऱ्हाईक नसतं. पण विजेची छोटी भट्टी असेल, तर याच पट्ट्यांतून ताटली, वाटी, साबणदाणी घडू शकते. या कामाला ‘फ्यूज्ड ग्लास’ म्हणतात. इथे फुंकनळी नाही, वितळलेल्या काचेचा हौद नाही. थंड काच कटरने कापायची, एकावर एक रचायची आणि भट्टीत एकजीव होऊ द्यायची. रोमन कारागीर दोन हजार वर्षांपूर्वी रंगीत तुकडे असेच जोडून वाडगे करत.

महाराष्ट्राचा काचउद्योग मात्र मोठ्या भट्ट्यांवर वाढला. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, टिळकांच्या पाठबळावर, १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला कारखाना निघाला. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा निघाला. ‘प्रभाकर’ कंदील तिथलाच. तसल्या भट्ट्या दिवसरात्र पेटत्या ठेवाव्या लागतात. फ्यूजिंगची भट्टी टेबलावर मावते आणि काम नसेल तेव्हा बंद असते.

भट्टीतल्या फरशीला आधी ॲल्युमिना आणि चिनी मातीचा लेप देतात, नाहीतर काच तिथेच चिकटून बसते. साधी खिडकीची काच ८२० अंश सेल्सिअसच्या आसपास एकजीव होते. तेव्हा ती काकवीसारखी जड वाहते आणि पृष्ठताणामुळे साधारण ६ मिलिमीटर जाडीवर स्थिरावू पाहते. ३ मिलिमीटरचा एकच थर ठेवला तर कडा आत ओढल्या जातात, तीन ठेवले तर बाहेर पसरतात. म्हणून ताटलीला दोन. मग ही चकती साच्यावर ठेवून पुन्हा, पण जरा कमी, तापवतात. आपल्याच वजनाने ती साच्यात बसते.

कस लागतो तो निवताना. वरचा भाग आधी आणि गाभा मागाहून निवला, तर ताण आत अडकतो. आज धड दिसणारी वाटी काही दिवसांनी कपाटात आपोआप तडकते. म्हणून साडेपाचशे अंशांजवळ तापमान काही वेळ धरून ठेवतात, मग सावकाश उतरवतात. नेमकी तेव्हाच वीज गेली, की सगळी भिस्त भट्टीच्या जाड भिंतींवर.

रंगाचंही असंच. फ्यूजिंगची तयार रंगीत काच खिडकीच्या काचेपेक्षा जास्त आकसते, त्यामुळे दोन्ही जोडल्या तर चिरतात. खिडकीच्या काचेवर तिच्याच जातीची मिन्याची पूड लागते, आणि ताटली जेवणासाठी असेल तर त्या पुडीत शिसं नाही ना, हे आधी विचारून घ्यावं लागतं.